भाच्याला आजाराची कल्पना आहे असे धरूनच पुढचे ठरवा

प्रश्न : माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरचे निदान झाले. केमोथेरपी झाली, शस्त्रक्रिया करून पाय वाचवला. आता दोन्ही फुप्फुसांत गाठी आल्या आहेत, दुसऱ्या प्रकारच्या केमोचाही उपयोग झालेला नाही, आणि डॉक्टरांनी काही महिन्यांचीच आशा ठेवा असे सांगितले आहे. त्याला यातले काहीही कळू द्यायचे नाही, असे ताई-दाजींनी ठरवले आहे. रात्री त्याला फार दुखते, पण लिहून दिलेले मॉर्फिन दाजी भीतीपोटी देत नाहीत. जमीन विकून त्याला परराज्यातल्या एका वैद्याकडे न्यायचा त्यांचा विचार आहे. दहा वर्षांच्या भाचीला आमच्या आईकडे ठेवले आहे. भाचा मात्र मार्चमध्ये दहावीची परीक्षा द्यायची म्हणून हट्ट धरून बसला आहे. आम्ही धीर कसा धरावा?

उत्तर : आपला प्रश्न धीराविषयी आहे, तरी मी दुखण्यापासून सुरुवात करतो. ज्या मुलाला रात्रभर झोप नाही त्याच्याशी कोणतेही गंभीर बोलणे होऊ शकत नाही, आणि ज्या आईवडिलांनी त्याला रात्रभर कण्हताना ऐकले आहे त्यांना सकाळी कोणताही निर्णय नीट घेता येत नाही. तेव्हा पहिले काम औषधाचे.

मॉर्फिनविषयी दाजींच्या मनात बहुधा तीन भीती असतील, कारण बहुतेक घरांत त्याच तीन असतात. मुलाला व्यसन लागेल, औषधाने आयुष्य कमी होईल, आणि मॉर्फिन सुरू केले म्हणजे आपण हार मानली. कॅन्सरच्या वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि त्यांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार थोडी असते, आणि अशा वापराने आयुष्य घटत नाही. उलट दुखणे उतरले की मूल झोपते, दोन घास अधिक खाते, उठून बसते. तिसरी भीती समजावून जात नाही. गोळी सुरू होऊन चार दिवस गेले आणि मुलगा खिडकीशी बसून मित्राशी फोनवर हसला, की ती आपोआप जाते.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते, मूल रडेपर्यंत थांबायचे नसते. वेदना एकदा चढली की तिला खाली आणायला अधिक औषध लागते. मधेच अचानक कळ आली तर द्यायची जादा मात्रा किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या गोळीसोबतच सुरू झाले पाहिजे. ही छोटीशी गोष्ट राहून गेल्यामुळे अनेक मुले मॉर्फिन नको म्हणू लागतात. औषध एकदम बंद करू नये, कुलपात ठेवावे, आणि मुलगा हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढची मात्रा न देता लगेच फोन करावा.

वेदना जळजळीची किंवा विजेचा झटका बसल्यासारखी असेल तर ती नसेची असते, आणि तिला मॉर्फिनच्या जोडीला वेगळी औषधे लागतात. हाडात नवी गाठ झाली असेल तर काही वेळा थोड्या रेडिएशननेही आराम पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या वेदनेसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात साधी वेदनाशामके आणि मॉर्फिन यांच्या मधली, कोडीनसारख्या सौम्य औषधांची पायरीच काढून टाकली आणि वेदना तीव्र असेल तर थेट मॉर्फिनसारखे औषध योग्य मात्रेत द्यावे असे सांगितले. ते मार्गदर्शन संघटनेने २०१९ मध्ये मागे घेतले, पण आयुष्य संपत आलेल्या मुलांच्या वेदनेसाठी मॉर्फिन तिच्या २०२० च्या नव्या मार्गदर्शनातही मान्य आहे. ‘इतक्यात मॉर्फिन कशाला’ असे कोणी म्हटले, तर हे सांगता येईल.

मॉर्फिन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे कितीतरी वर्षे ते मिळवणे रुग्णालयांनाही अवघड होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही गावाजवळ ते मिळेलच असे नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करावी, सणासुदीच्या सुट्ट्यांपूर्वी तर नक्कीच.

आता बोलण्याविषयी. त्याला काही माहीत नाही, असे ताई-दाजी समजतात. मला तसे वाटत नाही. दीड वर्ष रुग्णालयात काढलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या सीटी स्कॅनच्या अहवालातले शब्द मोबाइलवर शोधलेले असतात. शेजारच्या खाटेवरचा मुलगा एके दिवशी दिसेनासा झाला हे त्याने पाहिलेले असते. केमो थांबली, कोणी पुढची तारीख दिली नाही, आणि घरी आल्यापासून त्याला कोणी रागावत नाही, हेही त्याच्या ध्यानात आलेले असते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या वॉर्डात दीर्घकाळ राहून अभ्यास केला. ती मुले सोळा वर्षांची नव्हती, त्याहून पुष्कळ लहान होती. कोणी न सांगताही आपण मरणार आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून ती आपल्याला काही माहीत नसल्याचे दाखवत होती.

आपल्या घरातही बहुधा हेच चालले आहे. फरक इतकाच, की मोठी माणसे स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांच्या गळ्यात पडून रडू शकतात, आणि तो एकटाच आहे.

स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या आईवडिलांना काही वर्षांनंतर प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. जे बोलले नव्हते, त्यांच्यापैकी २७ टक्क्यांना न बोलल्याची खंत होती. आपले मूल मृत्यूची चाहूल घेत आहे हे ज्यांना जाणवले होते आणि तरी जे गप्प राहिले होते, त्यांच्यात ही खंत अधिक होती. स्वीडन वेगळे, आपल्याकडची घरे वेगळी, हे खरे. पण वेगवेगळ्या घरांत बसून मी जे पाहिले आहे ते या निष्कर्षाच्या उलट जाणारे नाही.

याचा अर्थ उद्या सकाळी त्याच्यासमोर बसून सगळे सांगून टाकावे, असा मुळीच नाही. सांगण्याआधी विचारायचे असते. ‘तुला काय वाटतं, तुझा आजार आता कुठवर आलाय?’ इथपासून सुरुवात होते. मग, ‘डॉक्टर जे बोलतात ते सगळं तुला ऐकायचंय, की तू विचारशील तेवढंच सांगू?’ काही मुले म्हणतात, मला नको, आईला सांगा. तेही मान्य करावे, आणि दार उघडे ठेवावे. त्याने सरळ ‘मी मरणार आहे का?’ असे विचारले, तर ‘वेडा आहेस का, काहीतरी बोलू नकोस’ हे वाक्य तोंडून निघू देऊ नका, कारण त्यानंतर तो पुन्हा विचारत नाही. ‘हे तुझ्या मनात कधीपासून येतंय?’ असे विचारावे, तो बोलेल ते पुरते ऐकावे, आणि मग खरे सांगावे : हा आजार बरा करणारे औषध आता उरलेले नाही, दुखू नये यासाठी पुष्कळ औषधे आहेत, आणि आम्ही कोणी तुला सोडून कुठेही जाणार नाही. या वयाच्या मुलांची खरी भीती अनेकदा मरणाची नसते. गुदमरण्याची, दुखण्याची, आईचे पुढे काय होईल याची असते, आणि त्या भीतीवर करण्यासारखे बरेच असते.

किशोरवयीन मुले समोरासमोर बसवून बोलत नाहीत. गाडीत शेजारी बसून, रात्री गच्चीवर, मोबाइलवर मॅच बघता बघता बोलतात, आणि आपल्याकडे बरेचदा आईवडिलांच्या आधी मामाशी बोलतात. तसे झाले तर ऐका, पण ‘आईला सांगू नकोस’ असे वचन मागितले तर ते देऊ नका. ‘मी तुझ्याबरोबर बसेन, आपण दोघं मिळून आईला सांगू,’ एवढे म्हणावे. ताई-दाजींना डावलून आपण परस्पर त्याला सांगू नये. पुढचे सगळे महिने त्याला सांभाळणारी तीच दोघे आहेत. ताईंशी वाद घालण्याऐवजी, त्याला कळले तर काय होईल अशी भीती वाटते, हे त्यांना विचारा. तो खचेल, असे त्या म्हणतील. मग आता तो कसा आहे, रात्री जागा असतो तेव्हा काय विचार करत असेल, हे विचारा. बहुतेक आयांना उत्तर ठाऊक असते. ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे, त्यांच्यासमोर हे बोलणे झाले तर अधिक चांगले.

बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांच्या, म्हणजे आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराचे दुखणे, भीती, घरच्यांची काळजी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न ही एकाच वेदनेची अंगे आहेत, अशी त्यांची मांडणी होती. त्यामुळे मॉर्फिनची मात्रा वाढवूनही रात्रीचे दुखणे जात नसेल, तर दिवसा त्याच्याशी कोण काय बोलते आहे हेही तपासावे लागते. आपण विचारलेला धीर मला या दोन ठिकाणी दिसतो : कोणाचेही दुखणे औषधावाचून राहू नये, आणि जे सर्वांना माहीत आहे ते एकट्याने वाहायची पाळी कोणावर येऊ नये. चेहऱ्यावर सतत हसू ठेवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. त्याच्यासमोर ताईंना रडू आले तर येऊ द्या. व्हॉट्सॲपवर त्याला ‘फायटर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र सौम्यपणे थांबवा, कारण ज्याला लढवय्या ठरवले जाते त्याला ‘मी दमलो आहे’ असे म्हणता येत नाही.

दहावीच्या परीक्षेला ‘आता काय उपयोग’ म्हणून नाही म्हणू नका. त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांचे मार्चमध्ये जे होणार आहे ते त्याला हवे आहे, आणि ही इच्छा आजार माहीत असतानाही असू शकते. शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे वेळेत अर्ज केला तर लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. मुख्याध्यापकांना याच आठवड्यात भेटा. एखादा पेपर देऊन तो म्हणाला की आता बास, तर बास. मित्रांना घरी येऊ द्या आणि ते आले की मोठ्यांनी खोलीबाहेर जावे. आंघोळ घालण्याची वेळ आली तर ती दाजींनी किंवा आपण घालावी. सोळा वर्षांच्या मुलाला आईसमोर उघडे होण्याची लाज वाटते, आणि तो ते बोलून दाखवत नाही.

जमिनीबाबत स्पष्ट लिहितो. फुप्फुसांत पसरलेला आणि दोन प्रकारच्या केमोला न जुमानणारा ऑस्टिओसार्कोमा बरा करून देण्याचे आश्वासन जो कोणी देतो, तो आपली फसवणूक करतो आहे, मग तो जडीबुटीवाला असो की चकचकीत रुग्णालयातला असो. दाजींना खात्री करून घ्यायची असेल तर दुसरे मत जरूर घ्यावे. त्यासाठी मुलाला हलवण्याची गरज नाही. अहवाल, सीटी स्कॅनची सीडी आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या घेऊन परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या कॅन्सर केंद्रात घरातल्या एकाने जाऊन यावे. उपचार रुग्णाच्या सोयीसाठी आहे की आयुष्य वाढवण्यासाठी, आणि वाढले तर किती व कशा अवस्थेत, हे तिथे थेट विचारावे. त्यानंतर वाद थांबवून दाजींना काम द्यावे. औषधांच्या वेळांचा तक्ता त्यांच्या हाती सोपवा. जो बाप रानोमाळ हिंडायला तयार आहे, तो रात्री दोनचा गजर लावून गोळी द्यायलाही उठतो.

घरी सांभाळणे शक्य आहे का, हेही आपल्या मनात असेलच. शक्य आहे, पण एखाद्या पॅलिएटिव्ह केअर पथकाशी, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पथकाशी, आताच नाव जोडून घ्या, शेवटच्या आठवड्यात नव्हे. टाटा मेमोरियलमध्ये हा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून हे काम करते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारसारख्या दुर्गम भागातही मुलांसाठी अशी सेवा उभी करण्याचा प्रयत्न झाला आहे, म्हणजे हे फक्त शहरांपुरते काम नाही. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

फुप्फुसांत गाठी असल्यामुळे पुढे धाप लागेल, हे धरून चाला. मॉर्फिनच्या लहान मात्रेने धापेची घालमेलही कमी होते. टेकून बसवणे, खिडकी उघडणे, चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेणे, याने खरोखर बरे वाटते. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर सिलिंडरने विशेष फरक पडत नाही. एक अपवाद आठवणीत ठेवा. या आजारात फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साचू शकते. अचानक छातीत कळ येऊन एकदम श्वास कोंडला तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण ती हवा काढून आराम देता येतो.

आयसीयू आणि व्हेंटिलेटर यांचा निर्णय मध्यरात्रीच्या धावपळीत घ्यायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आगाऊ इच्छापत्र, म्हणजे पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, प्रौढांसाठी आहे. सोळा वर्षांच्या मुलाबाबत आईवडील आणि डॉक्टर मिळून ठरवतात. पण भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा अधिकार दिला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शरीर त्याचे आहे. त्याला कुठे राहायचे आहे, काय नको आहे, हे विचारा, आणि जे ठरेल ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा.

भाचीला घरी आणा. दहा वर्षांच्या मुलीला मृत्यू म्हणजे काय हे समजते. तिला समजत नाही ते हे, की आपल्याला घराबाहेर का काढले. मी भांडले म्हणून दादा आजारी पडला, असे या वयाची मुले मनात धरून बसतात. आजार कोणामुळेही होत नाही, आणि तिलाही तो होणार नाही, हे तिला शब्दांत सांगावे लागते. तिच्या वर्गशिक्षिकेला कल्पना द्या. नवस-उपास ज्यांना करायचे आहेत त्यांना करू द्या. मात्र त्यापायी मुलाचे औषध किंवा पथ्याच्या नावाखाली त्याचे आवडते खाणे बंद होऊ नये. पुढे भूक मंदावेल, तेव्हा ‘चार घास तरी खा’ असा आग्रहही सोडून द्यावा लागेल. त्या टप्प्यावर शरीराला अन्न वापरता येत नाही, आणि सलाइन लावल्याने कफ व सूज वाढण्याचीच शक्यता अधिक.

अखेरच्या दिवसांत झोप वाढते, हातपाय गार पडतात, घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण मुलगा तेव्हा बहुधा त्या जाणिवेपलीकडे असतो. कुशीवर वळवले की ती कमी होते, आणि त्यावर औषधही आहे. गोळी गिळता येईनाशी झाली तर औषध त्वचेखाली सुईने देण्याची सोय पथकाकडे असते, म्हणून तेव्हाही मॉर्फिन थांबवू नये. घरी मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये डॉक्टर देतात. आपल्या गावातले डॉक्टर ते देतील का हे आधी विचारून ठेवा, म्हणजे त्या वेळी धावपळ होणार नाही. नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी लागते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या केंद्रात परत द्या.

दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, की ताई-दाजींचे खरे अवघड दिवस सुरू होतील. अनेक पॅलिएटिव्ह केअर केंद्रांतले समुपदेशक नंतरही कुटुंबाला भेटतात. पहिल्या भेटीला दाजींना आपण स्वतः सोबत घेऊन जावे, कारण असे वडील सहसा एकटे जात नाहीत.